आदिवासी तालुक्यातील बालआरोग्यासाठी विभागांनी एकत्र कसे यावे? नवसंजीवन, मिशन आणि गावपातळीवरील समिती यांची तुलना

अमरावती जिल्ह्याच्या मेळघाटात, धारणी किंवा चिखलदरा तालुक्यातील एखाद्या ढाण्यावर, म्हणजे वस्तीवर, कोरकू आदिवासी कुटुंबात मूल जन्माला येते, तेव्हा त्याच्याशी संबंध असलेली सरकारी कार्यालये थोडीथोडकी नसतात. प्रसूतीची नोंद आणि लसीकरण जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे असते, तर वजन आणि पूरक आहार अंगणवाडीमार्फत महिला व बालविकास विभागाकडे. मूल गंभीर आजारी पडून धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात नेले, तर ते रुग्णालय जिल्हा परिषदेचे नसून राज्याच्या आरोग्य सेवेचे, म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीतले असते. घरातील धान्य तहसीलदारांच्या पुरवठा शाखेकडून येते, आदिवासी उपयोजनेचा, म्हणजे आदिवासींसाठी वेगळा राखलेला, पैसा एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयाकडून येतो, आणि व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतून जाणारा रस्ता सुधारायचा असेल तर वन विभागाला विचारावे लागते. दिवाळीनंतर हे कुटुंब कामासाठी बाहेर पडते आणि होळीच्या सुमारास परतते. मधल्या काही महिन्यांत ते मूल यांपैकी कोणत्याही रजिस्टरात खऱ्या अर्थाने नसते.

आदिवासी आणि बिगर आदिवासी मुलांच्या आरोग्यातील दरी कमी करायची असेल, तर या सर्व यंत्रणांनी एकत्र काम केले पाहिजे, याविषयी कोणाचेही दुमत नाही. मतभेद आहेत ते एकत्र येण्याच्या रीतीविषयी. महाराष्ट्रात गेल्या तीस वर्षांत यासाठी प्रामुख्याने तीन रचना वापरल्या गेल्या. जिल्हा परिषदेचे नवे सदस्य, पंचायत समितीचे सभापती, मुख्य कार्यकारी अधिकारी किंवा एखाद्या तालुक्यात काम सुरू करू पाहणारी संस्था यांच्यापुढे आपला वेळ आणि निधी यांपैकी कोणत्या रचनेच्या मागे उभा करायचा हा प्रश्न असतो, आणि हा आढावा त्यांच्यासाठी आहे. तुलना करताना मी एकच कसोटी पुन्हा पुन्हा वापरली आहे. दोन विभागांच्या मधल्या फटीत पडलेल्या मुलाबद्दल जाब कोणाला विचारता येतो, आणि त्याच्यासाठी लागणारा पैसा किती सह्यांनंतर सुटतो?

पहिली रचना जिल्हाधिकाऱ्यांभोवती उभी असलेली नवसंजीवन योजना. १९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यूंनी राज्य हादरले, उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली, आणि त्या पार्श्वभूमीवर १९९५ मध्ये ही योजना सुरू झाली. तिचे वैशिष्ट्य असे की ती मुळात नवी योजना नव्हती. आरोग्य, पोषण, धान्यपुरवठा, रोजगार हमी आणि खावटी (आदिवासी कुटुंबांना पोटापाण्यासाठी मिळणारे साहाय्य) अशा आधीपासून चालू असलेल्या कामांना आदिवासी भागासाठी एका सूत्रात बांधण्याचा तो प्रयत्न होता. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती आणि राज्य पातळीवर संबंधित विभागांच्या सचिवांची गाभा समिती अशी तिची मांडणी आहे. पावसाळ्याआधी दुर्गम गावांत धान्य आणि औषधे पोहोचवणे, मानसेवी डॉक्टरांची भरारी पथके फिरवणे, गर्भवती महिलेला ४०० रुपये रोख आणि ४०० रुपयांची औषधे देणारे मातृत्व अनुदान, दाईंच्या बैठका, धान्य बँका अशी कामे तिच्या छत्राखाली आली.

या रचनेची ताकद उघड आहे. जिल्ह्यात असा एकच अधिकारी असतो की ज्याच्या बैठकीला बांधकाम, वन, पुरवठा, महावितरण आणि आरोग्य या सर्वांना यावेच लागते. पुराने तुटणाऱ्या गावांची यादी करून जूनपूर्वी तेथे धान्य पोहोचवायचे असेल, नदीपलीकडच्या गर्भवती महिलांना प्रसूतीपूर्वी रुग्णालयाजवळ आणून ठेवायचे असेल किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राची वीज आठवडाभर गेलेली असेल, तर दुसरी कोणतीही रचना इतक्या लवकर फळ देत नाही. हंगामी संकटासाठी ती आजही सर्वांत उपयोगी आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन.

मात्र तिच्या मर्यादाही त्याच जागी आहेत. बैठक आढाव्याची असते आणि आढाव्यात प्रत्येक विभाग आपापले उद्दिष्ट सांगतो. ‘इतक्या फेऱ्या झाल्या, इतके वाटप झाले’ हे कागदावर खरेही असते. मूल त्या फेरीच्या दिवशी गावात होते का, हा प्रश्न कोणाच्याच तक्त्यात नसतो. आरोग्य विभाग आणि अंगणवाडी यांच्या कुपोषणाच्या आकड्यांचा मेळ बसत नाही, ही तक्रार जुनी आहे आणि तिला तांत्रिक कारणही आहे. वयाच्या मानाने वजन मोजले तर एक संख्या येते. उंचीच्या मानाने वजन किंवा दंडाचा घेर मोजला तर दुसरी येते. दोन्ही मोजमापांना आपापला अर्थ आहे, पण बैठकीत दोन याद्या समोर आल्या की चर्चा कोणाची यादी बरोबर यावरच अडकते आणि दोन्ही याद्यांत नसलेले मूल तसेच राहते. शिवाय जिल्हाधिकारी बदलले की बैठकीचा सूर बदलतो. ज्या रचनेचा जोर एका व्यक्तीच्या तळमळीवर अवलंबून आहे, तिच्यावर पाच वर्षांची योजना उभी करणे धोक्याचे आहे.

दुसरी रचना मिशनची. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन मार्च २००५ मध्ये युनिसेफच्या सहकार्याने औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू झाले. मिशनकडे गावात स्वतःचे कर्मचारी नव्हते. हात अंगणवाडीचे आणि आरोग्य विभागाचेच होते. मिशनने दिशा, प्रशिक्षण, मोजमापाची शिस्त आणि दोन विभागांना एकाच भाषेत बोलायला लावणारा आग्रह दिला. गर्भधारणेपासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतच्या पहिल्या हजार दिवसांवर लक्ष केंद्रित करण्याचा विचार राज्यात रुजवण्यात त्याचा वाटा मोठा आहे. तीव्र कुपोषित मुलांसाठी गावात ग्राम बाल विकास केंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर बाल उपचार केंद्र आणि त्यापुढे पोषण पुनर्वसन केंद्र अशी पायऱ्यांची व्यवस्था या काळात राज्यात बसली.

मिशनच्या बाजूने दिला जाणारा पुरावा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. दोन वर्षांखालील मुलांमधील खुजेपणाचे, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असण्याचे, प्रमाण २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३९ टक्के होते आणि २०१२ च्या राज्यव्यापी पोषण पाहणीत ते २३ ते २४ टक्क्यांच्या आसपास आले. याचे सर्व श्रेय मिशनला देणे योग्य होणार नाही, कारण त्याच काळात उत्पन्न, स्त्रियांचे शिक्षण आणि संस्थात्मक प्रसूती यांतही बदल झाले होते. पुढचे चित्रही पाहायला हवे. पाच वर्षांखालील मुलांमधील खुजेपणा २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होता, २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के झाला आणि २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्क्यांवर राहिला. म्हणजे पहिल्या दशकातील वेग दुसऱ्या टप्प्यात टिकला नाही. राज्याच्या सरासरीत झालेली सुधारणा नंदुरबार, गडचिरोली किंवा मेळघाटापर्यंत त्याच प्रमाणात पोहोचतेच असेही नाही, आणि विषमतेचा प्रश्न नेमका तेथे आहे. पद्धत, प्रशिक्षण आणि मोजमाप यांत जिल्हा कच्चा असेल तर मिशनसारखी रचना हवी. पण रिक्त पद भरण्याचा, वाहन देण्याचा किंवा कोणाला जाब विचारण्याचा अधिकार तिच्याकडे नसतो, हे तिच्याकडून अपेक्षा ठेवण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

तिसऱ्या रचनेकडे मी अधिक वेळ देणार आहे, कारण निर्णय घेणाऱ्यांच्या मनात ती सहसा शेवटी येते आणि माझ्या मते ती तेथे राहू नये. तिच्यात दोन वेगळे प्रवाह आहेत. पहिला लोकाधारित देखरेख व नियोजनाचा. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ मध्ये महाराष्ट्रातील अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत ही प्रक्रिया सुरू झाली. पुण्याची ‘साथी’ ही संस्था राज्य पातळीवर समन्वय करत होती. गाव, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका आणि जिल्हा अशा प्रत्येक पातळीवर देखरेख समित्या झाल्या. गावकरी स्वतः लसीकरण, औषधे, आरोग्य सेविकेच्या भेटी, रुग्णवाहिका यांची स्थिती तपासून हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देत, आणि ते प्रगतिपत्रक घेऊन जनसुनवाई होत असे. औषध असूनही बाहेरची चिठ्ठी दिली जाते, बाळंतपणाला पैसे मागितले जातात, डॉक्टर मुक्कामी राहत नाहीत अशा तक्रारी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या समोर, नाव-गावासह मांडल्या जात. वर वर्णिलेल्या आढावा बैठकीत जे कधीच येत नाही, ते येथे पहिल्या तासात येते.

दुसरा प्रवाह पैशाचा आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी क्षेत्रातील गर्भवतींना शेवटच्या तीन महिन्यांत आणि स्तनदा मातांना पहिल्या सहा महिन्यांत अंगणवाडीत एक वेळचे ताजे, चौरस जेवण मिळते. त्यात भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, अंडे आणि शेंगदाण्याचा लाडू असतो. निधी आदिवासी विकास विभागाचा, अंमलबजावणी महिला व बालविकास विभागाची आणि खर्च गावातील आहार समितीच्या हाती. ग्रामपंचायतीच्या निवडून आलेल्या महिला सदस्य आणि अंगणवाडी सेविका यांच्या संयुक्त खात्यात पैसे येतात, किराणा गावातच घेतला जातो. दोन विभागांनी एकत्र काम करावे असे परिपत्रक काढण्याऐवजी एकाचा पैसा आणि दुसऱ्याची जबाबदारी एकाच खात्यावर आणणे हा यातील खरा शहाणपणा आहे. ती बाई जेवायला आली नाही तर ते त्याच दिवशी दुपारी कळते. महिनाअखेरच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी पेसा क्षेत्रातील, म्हणजे ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागातील, ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय झाला, आणि आरोग्य, स्वच्छता व शिक्षण हा त्याच्या वापराच्या विषयांपैकी एक आहे. ग्रामसभेने ठरवले तर आजारी मुलाला नेण्यासाठी वाहनभाडे, स्थलांतर करून परतलेल्या मुलांची तपासणी किंवा अंगणवाडीची पाण्याची सोय यांसाठी तालुक्याला विचारत बसण्याची गरज राहत नाही. व्यवहारात हा पैसा बहुधा बांधकामाकडे झुकतो, कारण बांधकाम दिसते आणि त्याचे अंदाजपत्रक कोणीतरी तयार करून आणतो. आरोग्यावरचा खर्च कसा मांडायचा हे ग्रामसभेला सांगणारे माणूस नसते. संस्थेने किंवा पंचायत समितीने नेमके येथे बळ द्यायला हवे.

या रचनेचे दोष लपवण्याचे कारण नाही. अमृत आहाराचा सुरुवातीचा दर प्रत्येक जेवणामागे २२ रुपये होता, पुढे तो वाढवला गेला. पण निधी उशिरा आला की सेविकेला दुकानात उधारी करावी लागते आणि ही उधारी तिच्या स्वतःच्या नावावर असते. लोकाधारित देखरेखीचा निधी आरोग्य अभियानाच्या वार्षिक आराखड्यातून येत असल्याने दरवर्षी तो मंजूर होईल का या चिंतेत संस्थांचे काम अडकते. जनसुनवाई सुरुवातीला आरोग्य सेविकांना स्वतःवरील हल्ला वाटतो, आणि कधी कधी तो तसा होतोही. लोकांचा संताप सर्वांत खालच्या कर्मचाऱ्यावर निघतो, ज्याने ते पद रिक्त ठेवले तो मात्र सभागृहात नसतो. तसेच गावाची समिती कितीही जागी असली तरी ती बालरोगतज्ज्ञ निर्माण करू शकत नाही. अत्यवस्थ नवजात बाळाला लांब अमरावतीला पाठवावे लागते, तेव्हा प्रश्न पुन्हा राज्याच्या रुग्णालयाकडेच जातो.

मग निवड कशी करावी? तालुक्यात मृत्यू मुख्यतः पावसाळ्यात आणि वाट तुटल्यामुळे होत असतील, तर जिल्हाधिकाऱ्यांची समिती जिवंत करण्यावर जोर द्यावा आणि तिच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय आकडे नसून मागच्या महिन्यात दगावलेल्या प्रत्येक मुलाचा घटनाक्रम असावा. मुले दगावण्यापेक्षा वर्षानुवर्षे खुजी राहत असतील आणि दोन विभागांचे मोजमापच जुळत नसेल, तर मिशनच्या पद्धतीचे प्रशिक्षण आधी हवे. सेवा कागदावर पूर्ण आणि घरी अपुरी असेल, आणि माझ्या समजुतीप्रमाणे बहुतेक आदिवासी तालुक्यांत हीच स्थिती आहे, तर निधी आणि मनुष्यबळ तिसऱ्या रचनेत घालावे. तिघींना सारखे वाटून देण्याचा मोह टाळावा. सारख्या वाटपात समित्या तीन होतात आणि त्याच आठ माणसांना तिन्हींच्या बैठकांना जावे लागते.

तिसरी रचना निवडली तरी तिला वर जोडणारा दोर हवाच. गावाच्या जनसुनवाईतील न सुटलेले प्रश्न तालुक्याला पंधरा दिवसांत आणि तेथून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीला महिन्याभरात जातील, असा ठराव जिल्हा परिषदेने करून घ्यावा. त्या समितीत आरोग्य अधिकारी, बाल विकास प्रकल्प अधिकारी आणि आदिवासी प्रकल्प अधिकारी हे तिघेही स्वतः हजर असावेत. प्रतिनिधी पाठवला की उत्तर ‘साहेबांना विचारून सांगतो’ असे येते. होळी हा मेळघाटात कुटुंबे परतण्याचा काळ असल्याने परतलेल्या मुलांची एकत्र तपासणी त्याच आठवड्यात ठेवता येते. जिल्हा वार्षिक योजनेत तिच्यासाठी तरतूद हवी असेल तर मागणी हिवाळ्यात, आराखडा ठरण्यापूर्वीच जायला हवी. सुरुवातीला सबंध तालुका घेऊ नये. एका प्राथमिक आरोग्य केंद्राची गावे घ्यावीत, आरोग्य सेविका आणि अंगणवाडी सेविका यांना आपापली रजिस्टरे घेऊन एका दिवसासाठी एकत्र बसवावे, आणि एका यादीत असून दुसऱ्या यादीत नसलेल्या प्रत्येक मुलाचे नाव, ढाणा आणि ते सध्या कोठे आहे एवढे लिहून काढावे.