मॅक्लारेन एफ१: डोक्यावरून श्वास घेणारी गाडी

इंजिनाचं झाकण उघडलं आणि मी नुसता बघतच राहिलो. आतून खऱ्या सोन्याचा पातळ वर्ख! दिखाव्यासाठी नाही. सोनं उष्णता परतवून लावतं आणि बाजूच्या कार्बन फायबरला ती झळ लागू देत नाही.

डिझायनर गॉर्डन मरेंची ही गाडी १९९२ साली जगापुढे आली. बीएमडब्ल्यूचं ६.१ लिटरचं व्ही-१२ (बारा सिलिंडरचं) इंजिन, ६२७ अश्वशक्ती, आणि इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो नाही. वजन जेमतेम ११४० किलो. माझ्या मते खरी कमाल या वजनाची आहे. ताकद तर कुणीही वाढवतं. १९९८ मध्ये तिनं ताशी ३८६ किलोमीटर गाठले.

चालक मधोमध बसतो, दोन प्रवासी दोन्ही बाजूंना, थोडे मागे. मी डावीकडे बसलो होतो. चालकाने उजव्या हाताने तिसरा गिअर टाकला, पाय दाबला, आणि छतावरच्या खाचेतून हवा ओढल्याचा आवाज थेट टाळूवर आदळला. टर्बोच्या गाडीत ताकद यायला क्षणभर थांबावं लागतं. इथे पायाचा दाब आणि पाठीला बसणारा धक्का यांत अंतरच नाही.

त्रास आहेच. ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा नाही, पॉवर स्टीअरिंग नाही, ब्रेक जोर लावून दाबावा लागतो. मधल्या सीटवर शिरणं म्हणजे कसरत. तरी कुणी चावी पुढे केली, तर मी उद्या पहाटेच हजर होईन.