आय५-९४००एफ, आठ महिन्यांनंतर: ‘एफ’ने टंचाई भरली का?

इंटेलच्या या प्रोसेसरच्या वेगाबद्दल तक्रार नाही. ६ कोर, ६ थ्रेड, ६५ वॉट; सोबत येणाऱ्या पंख्यावरही निभतं. सगळा राग शेवटच्या ‘एफ’वर, म्हणजे प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स नसण्यावर आहे. ग्राफिक्स कार्ड वॉरंटीत दुरुस्तीला गेलं की बाकी सगळं धडधाकट असूनही मशीन आंधळं. मदरबोर्डच्या एचडीएमआयला केबल लावून उपयोग नाही. बोर्डावरचा, ग्राफिक्सची अडचण दाखवणारा ‘व्हीजीए’ दिवा पेटून राहतो, आणि दोष कार्डात, स्लॉटमध्ये की पॉवर सप्लायमध्ये, हे ठरवायला दुसरं कार्ड लागतंच.

आधी वाटलं होतं, ग्राफिक्स वगळल्यामुळे चिप लहान झाली असेल, एका वेफरमधून (चिप ज्यावर बनतात ती सिलिकॉनची चकती) जास्त निघत असतील, म्हणजे २०१८-१९ मधल्या इंटेल चिपच्या टंचाईवरचा हा उपाय असेल. ते मत सोडावं लागलं. डाय (चिपचा सिलिकॉनचा तुकडा) तोच, आकारही तोच. ग्राफिक्सचा भाग सिलिकॉनवर आहे, फक्त बंद केलेला. फायदा इतकाच, की तेवढाच भाग सदोष निघाला तर अख्खी चिप फेकावी लागत नाही. माल वाचला, वाढला नाही.

टंचाईचं मूळ वेगळीकडेच होतं. इंटेलचं १० नॅनोमीटरचं नवं उत्पादन तंत्र वर्षानुवर्षं रखडलं आणि सगळा भार जुन्या १४ नॅनोमीटरवर आला. सर्व्हरचे झिऑन प्रोसेसर तिथेच, आयफोनचे मोडेम तिथेच, आणि आधी २२ वर बनणारे मदरबोर्डवरचे चिपसेटही ३०० मालिकेत तिथेच आणले. त्यात एएमडीच्या रायझन प्रोसेसरना तोंड देण्यासाठी कोर वाढवले: ७७००के मध्ये ४, ९९००के मध्ये ८. ४ कोरचा डाय साधारण १२५ चौरस मिलिमीटर, ८ कोरचा १७५. ३०० मिलिमीटरच्या वेफरवर पहिले सुमारे ५०० बसतात, दुसरे ३५०. हे सदोष वजा करण्याआधीचं. डाय मोठा असला की त्यात दोष सापडण्याची शक्यताही वाढते. म्हणजे वेफर तेवढेच वापरूनही नग कमी.

सप्टेंबर २०१८ मध्ये इंटेलचे तेव्हाचे हंगामी प्रमुख बॉब स्वान यांनी उत्पादन वाढवायला जादा १ अब्ज डॉलर जाहीर केले. पण यंत्रं बसवून, जुळवून घ्यायला वेळ जातो आणि वेफर लाइनवर चढल्यावरही बाहेर यायला महिने लागतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीला ग्राहकांची माफी मागावी लागली. होते ते वेफर आधी झिऑन आणि ‘कोर’ नावाच्या मालिकेतल्या महागड्या चिपना, त्यामुळे स्वस्त चिपच्या वाट्याला उरलंसुरलं आलं.

म्हणूनच किंमत खटकते. बाजारात आला तेव्हा ९४००एफचा अधिकृत भाव १८२ डॉलर, ग्राफिक्ससकट ९४००चाही तेवढाच! ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘एफ’चे भाव उतरवले, तेव्हा कुठे हिशेब जरा जमला. भाव सारखा असेल तर डोळे मिटून ९४०० घ्यावा.

‘एफ’च घ्यायचा असेल तर जीटी ७१० सारखं, वेगळी पॉवर केबल न लागणारं कार्ड कपाटात ठेवा आणि त्याची किंमत प्रोसेसरच्या किमतीत धरा. क्विक सिंकही (इंटेलच्या ग्राफिक्समधली व्हिडिओ एन्कोड करायची सोय) नाही, त्यामुळे रेकॉर्डिंगला एनव्हिडियाचं कार्ड असेल तर त्यातला एनव्हेंक हा एन्कोडर निवडा. प्रोसेसरवर चालणारं एक्स२६४ ठेवलं तर सहाही कोर त्यातच गुंततात. बोर्ड जुन्या स्टॉकमधला असेल तर नवव्या पिढीसाठी (९४००एफ तीतलाच) बायॉस, म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केलेलं आहे का, हे बिल करण्याआधी विचारा.