मॅनेजरला नारळ द्यायचा की धीर धरायचा?

इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथल्या प्रीमियर लीगमध्ये साउथॅम्प्टनने घरच्या मैदानावर लेस्टरकडून ०-९ असा मार खाल्ला. तरी क्लबने मॅनेजर राल्फ हासेनहुटल यांना ठेवलं आणि हंगाम अकराव्या स्थानी संपला. त्याआधी दोन वर्षं, क्रिस्टल पॅलेसने फ्रँक डी बोर यांना लीगच्या चार सामन्यांनंतर नारळ दिला होता. चारही पराभव, गोल एकही नाही. रॉय हॉजसन आले आणि पॅलेसही अकराव्याच स्थानी पोचला. निर्णय उलटे, मुक्काम एकच.

काढण्याच्या बाजूचा मोठा मुद्दा हा, की नवा माणूस आला की निकाल सुधारतात. सुधारतात खरे, पण त्यात नव्याचे नऊ दिवस किती आणि नुसतं नशीब पालटणं किती? क्लब मॅनेजरला काढतो तो सगळ्यात वाईट आठवड्यात. चेंडू खांबाला लागून परत येत असतो, दोन बचावपटू जखमी असतात, बलाढ्य संघ ओळीने समोर आलेले असतात. हे कायम टिकत नाही. नेदरलँड्सच्या लीगवरच्या एका अभ्यासात, तशाच घसरणीत सापडूनही मॅनेजर न बदलणारे क्लब जवळपास तितकेच सावरलेले दिसले. म्हणून गुणतक्त्याआधी संघ किती संधी तयार करतो आणि समोरच्याला किती देतो ते पाहावं. संधी मिळूनही गोल होत नसतील तर थांबा. संधीच मिळत नसतील आणि खेळाडूंनीही मॅनेजरचं ऐकणं सोडलं असेल, तर थांबून काय मिळणार?

धीर धरा म्हणणारे लगेच ॲलेक्स फर्ग्युसन यांचं नाव काढतात. मँचेस्टर युनायटेडमध्ये १९८६ साली आले, तिथलं पहिलं लीग विजेतेपद १९९३ मध्ये. उदाहरण खरं आहे, पण फसवं. धीर धरून बुडालेल्यांची नावं कोण लक्षात ठेवतं? नॉर्विचने २०१९-२० मध्ये डॅनियल फार्के यांना शेवटपर्यंत ठेवलं आणि संघ २१ गुणांसह तळाला राहून खाली गेला, म्हणजे खालच्या लीगमध्ये घसरला. पुढच्याच हंगामात फार्के यांनी खालची लीग जिंकून त्याला परत वर आणलं. धीर फळला, पण एक मजला खाली.

मला आर्सेनलचं उदाहरण जास्त उपयोगी वाटतं. तिथले मॅनेजर मिकेल आर्टेटा सलग दोन हंगाम आठवे आले, २०२१-२२ चे पहिले तीन सामने एकही गोल न करता हरले, तरी टिकले. क्लबने घेतलेले तरुण खेळाडू त्यांच्याच पद्धतीला जुळणारे होते. त्यांना काढलं असतं तर संघही नव्याने बांधावा लागला असता.

पैशाचं म्हणाल तर, लीगमधून घसरण झाली की टीव्हीचं उत्पन्न आटतं, त्यापुढे काढलेल्या मॅनेजरला द्यायची भरपाई किरकोळ वाटते. पण ती अंगाशी येते ती बहुतेकदा आपल्याच हाताने. मँचेस्टर युनायटेडने २०२४ च्या उन्हाळ्यात एरिक टेन हाग यांचा करार वाढवला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना काढलं. ते आणि त्यांचे सहकारी मिळून सुमारे १ कोटी पौंड गेले.

काढायचंच असेल तर वेळेत काढा. एव्हर्टनने जानेवारी २०२३ मध्ये लॅम्पार्ड यांच्या जागी शॉन डाइच यांना आणलं आणि हंगामाच्या शेवटच्या दिवशी घसरण टाळून जीव वाचवला. त्याच डाइच यांना बर्नलीने २०२२ मध्ये आठ सामने उरले असताना काढलं होतं. बर्नली खाली गेला. वॉटफर्डने २०२० मध्ये तर दोनच सामने उरले असताना नायजेल पिअर्सन यांना घालवलं. तोही गेला.

शिवाय काढलं म्हणून धीराची गरज संपत नाही. हॉजसन यांचे लीगमधले पहिले तीन सामनेही पॅलेस गोल न करता हरला होता. मालक तेव्हाही घाबरला असता तर?

माझा कल ठेवण्याकडे आहे. मात्र पुढचा माणूस कोण, हे आधीच ठरलेलं असेल आणि हाताशी असलेले खेळाडू त्याच्या पद्धतीचे असतील, तर मी काढेन. नॉटिंगहॅम फॉरेस्टने ऑक्टोबर २०२२ मध्ये तळाला असताना स्टीव्ह कूपर यांना नवा करार दिला आणि संघ वाचला. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनाच काढून नुनो एस्पिरितो सांतो यांना आणलं आणि २०२४-२५ मध्ये संघ सातवा आला. दोन्ही वेळा जमलं. मग सप्टेंबर २०२५ मध्ये नुनो यांनाही घालवलं. त्यांच्या जागी आलेले अँज पोस्टेकोग्लू ३९ दिवस टिकले, एकही सामना न जिंकता.