प्राचार्यांच्या नामावलीचा फलक: पितळ, सागवान की ॲक्रिलिक?

महाविद्यालयाच्या दर्शनी भागात लागणारा आजी-माजी प्राचार्यांचा फलक साधारण तीन प्रकारांत करून मिळतो: पितळी, सागवानी आणि ॲक्रिलिक. आमची शिफारस एका मिश्र प्रकाराला आहे: सागवानी चौकट आणि तिच्यावर प्रत्येक नावाची वेगळी पितळी पट्टी. ही यादी वाढत राहते, आणि जुन्या कागदांत एखादी तारीख पुढे-मागे चुकीची निघतेच. तेव्हा एकच पट्टी काढून बदलता आली पाहिजे.

सलग पितळी पत्रा दिसायला भारदस्त असतो. दोन मिलिमीटरच्या पत्र्यावर फेरिक क्लोराइड या रसायनाने अक्षरं कोरतात, खाचेत काळा इनॅमल रंग भरतात आणि वरून लॅकरचा, म्हणजे पारदर्शक संरक्षक लेपाचा, हात देतात. अडचण पुढच्या नावाला येते. भिंतीवर चढलेला पत्रा जागच्या जागी असा कोरता येत नाही. मग ते नाव मशिनने खोदून घेतात आणि त्याची खोली, जाडी वरच्या नावांशी जुळत नाही. दुसरा घात पॉलिशचा. पाहुणे येणार म्हणून शिपाई ब्रासो घेऊन बसतो. त्याने लॅकर ठिकठिकाणी उडतो, उघड्या पितळेवर काळे डाग धरतात आणि खाचेतला इनॅमलही निघू लागतो. लॅकर असलेल्या पितळेला कोरडं मऊ फडकं पुरतं. वेगळ्या पट्ट्यांना स्क्रूसुद्धा पितळीच मागा. लोखंडी स्क्रू गंजला की पट्टीवर तांबूस ओघळ उतरतात.

सागवानी फलकावर पेंटरकडून नावं लिहून घेण्याची पद्धत जुनी आणि चांगली आहे, कारण नवं नाव जागेवरच चढतं. मात्र सोनेरी वर्ख आणि सोनेरी रंग यांत फरक आहे. रंगातली धातूची पूड हवेने काळवंडते, अस्सल वर्ख तसाच राहतो. दरपत्रकात नुसतं ‘सोनेरी अक्षरे’ लिहिलेलं असेल तर रंगच मिळणार असं धरून चाला. फलक बाहेरच्या भिंतीवर असेल तर मागे पट्ट्या ठोकून १२ ते १५ मिलिमीटर फट ठेवा, नाहीतर पावसाळ्यात ओल धरून लाकूड बाक घेतं.

ॲक्रिलिक स्वस्त आणि झटपट. मागच्या बाजूने उलटी छपाई केलेलं असेल तर टिकतं. व्हिनाइलची, म्हणजे चिकटवायच्या प्लास्टिकची, कापीव अक्षरं मात्र मराठीसाठी घेऊच नका. सगळ्यात आधी सुटतो तो अनुस्वाराचा ठिपका, आणि परांजपे यांचे ‘पराजपे’ होतात. ॲक्रिलिकची भोकं स्क्रूपेक्षा मिलिमीटरभर मोठी हवीत. उन्हाने पत्रा पसरतो आणि जागा नसली तर भोकापासूनच चीर जाते.

टीव्हीच्या पडद्यावर फिरणारी नावं हा फलक नव्हे. वीज गेली की इतिहासही गेला.

मापाचं म्हणाल, तर २० मिलिमीटर उंचीचं अक्षर अडीच मीटरवरून आरामात वाचता येतं. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्याने ओळीला दुप्पट, म्हणजे ४० मिलिमीटर जागा द्या. २४ ओळींचे ९६० आणि शीर्षक व कडांचे २५० धरले की चार फूट उंची होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांनुसार प्राचार्यपदाची मुदत पाच वर्षांची असते आणि मूल्यमापनानंतर आणखी एकदाच पाच वर्षं मिळतात. म्हणजे शंभर वर्षांत कागदोपत्री दहा ते वीस नावं. प्रत्यक्षात प्रभारींमुळे आकडा बराच वाढतो, म्हणून एक तृतीयांश ओळी मोकळ्या सोडा.

आता मजकूर. फलक बिघडतो तो बहुधा इथेच. नुसती सालं लिहू नका. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचं उदाहरण घ्या. १८८५मध्ये ते सुरू झालं तेव्हा वामन शिवराम आपटे पहिले प्राचार्य होते. १८९२मध्ये ते वारले आणि त्यांच्या जागी गोपाळ गणेश आगरकर आले. तेही पदावर असतानाच, १८९५च्या जूनमध्ये गेले. दोन्ही प्राचार्य कार्यकाळातच गेले ही केवढी मोठी गोष्ट, पण ‘१८८५–१८९२, १८९२–१८९५’ या आकड्यांत ती कुठेच दिसत नाही. ‘रुजू’ आणि ‘कार्यमुक्त’ असे दोन रकाने करून दिवस-महिना-वर्ष लिहा आणि निधन असेल तर तसा शब्द घाला.

तारखा स्मरणिकेतून उचलू नका. सेवापुस्तक, रुजू अहवाल, कार्यभार हस्तांतरणाचा कागद आणि विद्यापीठाचं मान्यतापत्र ताडून पाहा. मान्यतेची तारीख रुजू तारखेनंतर येऊ शकते. फलकावर रुजू तारीखच जायला हवी. प्रभारींना वगळण्याची खोड तर सर्रास दिसते आणि ती अन्यायाची आहे. परीक्षा, प्रवेश, सह्या सगळं ज्यांनी सांभाळलं त्यांचं नाव त्याच रकान्यात, पुढे ‘प्रभारी’ लिहून, यायलाच हवं.

संस्थेचं नाव बदललं असेल तर मध्ये एक आडवी पट्टी घाला. इंग्रज कवी एडविन अर्नोल्ड पुण्यात प्राचार्य होते तेव्हा त्या संस्थेला डेक्कन कॉलेज हे नाव मिळालेलं नव्हतं, ते १८६४मध्ये मिळालं. पुढे १९३४मध्ये कॉलेज बंद पडलं, १९३९मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं आणि प्रमुखपदाचं नाव संचालक झालं. अशा यादीत मधली पाच वर्षं मोकळी दिसलीच पाहिजेत.

शेवटची तपासणी अक्षरांची. कारागिराच्या संगणकावर युनिकोड मजकूर कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत चिकटवला की पहिली वेलांटी पुढे सरकते: ‘शिवराम’चं ‘शविराम’ होतं, ‘प्राचार्य’मधला रफार सुटून पाय मोडलेला र उरतो. फाँट हिंदी असेल तर मराठी वळणाचे पाकळीचा ल आणि देठाचा श मिळत नाहीत. म्हणून मजकूर वक्ररेषांमध्ये (कर्व्ह्ज) बदलून घ्या, म्हणजे अक्षरं फाँटवर अवलंबून न राहता चित्रासारखी पक्की होतात, मूळ आकाराचा कागदी नमुना मागा आणि तो यादी न केलेल्या दुसऱ्याच माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. त्या नमुन्यावर सही झाल्याशिवाय पट्टी कोरायला देऊ नका. आणि फाइल कारागिराकडे न ठेवता कार्यालयात ठेवा. पुढची पट्टी दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायची वेळ आली तर अक्षर तेच राहील.