ठरलेली वेळ की सुटी मिनिटं?

वाचनासाठी वेळ काढायचे दोन्ही मार्ग मी मनापासून वापरून पाहिलेत. एक, रोज ठरलेल्या वेळी बसणं. दुसरा, पुस्तक कायम पिशवीत ठेवून मिळतील ती मिनिटं वाचणं.

पानांच्या हिशेबात दोन्ही सारखेच. पानाला दोन मिनिटं धरली, तर २० मिनिटांत १० पानं होतात आणि ३०० पानांचं पुस्तक महिन्याभरात संपतं. ही २० मिनिटं सलग मिळोत की रांगेत, प्रवासात, कुणाची वाट पाहताना तुकड्यातुकड्यांनी.

फरक पडतो तो काय वाचतो यात. मोठ्या कादंबरीत शिरायलाच पाच-सात मिनिटं जातात: कोण कुणाचा कोण, मागे काय घडलं. तुकड्यांत वाचताना दर वेळी हे नव्याने जुळवावं लागतं, आणि मग पुस्तक अर्ध्यावर राहतं. माझ्या अशा कादंबऱ्या ठरलेल्या वेळेनेच पूर्ण झाल्या. ही वेळ शक्यतो सकाळची असावी. रात्री अंथरुणात दुसऱ्या पानावरच डोळे मिटतात. कविता, लघुकथा, ललित लेख मात्र सुट्या मिनिटांत छान रमवतात. फक्त छापील पुस्तक घ्या, कारण मोबाइलवर वाचताना एखादा मेसेज येतो आणि ती पाच मिनिटं तिकडेच जातात.

मला निवडायला सांगितलं तर मी ठरलेली वेळ निवडेन. पण घरात तान्हं बाळ असेल, किंवा कुणाचं आजारपण चालू असेल, तर ठरलेलं काहीच टिकत नाही. त्या दिवसांत पिशवीतलं पुस्तकच वाचन जिवंत ठेवतं.