खोलीतलं केशर, बायबॅकचा करार आणि गेलेले ₹२,७५,५००

आधी रक्कम सांगते, म्हणजे ‘थोडंफार गेलं असेल’ असं कुणाला वाटायला नको. केशराचे कंद ६० किलो, किलोला ₹२,२०० प्रमाणे ₹१,३२,०००. रॅक, ट्रे, दिवे आणि खोलीत ओल ठेवणारं यंत्र, हे सगळं कंपनीकडूनच घ्यायची सक्ती, ₹१,१४,५००. प्रशिक्षण ₹१८,०००. बायबॅक कराराची, म्हणजे खोलीत पिकलेलं केशर कंपनीच परत विकत घेणार या कराराची, ‘नोंदणी’ ₹११,०००. झाले ₹२,७५,५००. गच्चीवरच्या खोलीला आतून थर्माकोल आणि दीड टनाचा एसी आम्ही आमच्या पदरचा बसवला, ते ₹८६,००० वेगळे. वीजबिलाचा विषय आमच्या घरात अजून निघत नाही.

योजना कशी असते ते सांगत बसत नाही. कडकनाथ कोंबड्यांच्या फसवणुकीनंतर सांगली जिल्ह्यात बायबॅक म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही. ‘मग तरीही तुम्ही कशा फसलात?’ असं आत्तापर्यंत भावापासून भाजीवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. अहो, बंद खोलीत केशर घेता येतं हे खोटं नाहीये! उन्हाळ्यात कंद अंधारात साधारण २३ ते २७ अंशांत ठेवले की आतल्या आत कळी धरते, मग तापमान १७ च्या आसपास उतरवलं की ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलं येतात. फुलताना माती लागत नाही, कारण सगळी ताकद कंदातच साठवलेली असते. हे मी त्यांच्या सभेतून आल्यावर स्वतः शोधून वाचलं होतं. विज्ञान खरं होतं, म्हणून माणसंही खरी वाटली.

सभा मार्चमध्ये झाली, एका कार्यालयात, जेवणासकट. ₹११,००० मी तिथेच भरले. निघताना प्रत्येकाला एक ग्रॅमची डबी, ‘आमच्या शेतकऱ्याच्या खोलीत पिकलेलं केशर’.

गुढीपाडव्याला त्यातल्या काड्या कोमट दुधात टाकल्या, श्रीखंडासाठी. दुधात पडल्या पडल्या रंग सुटला. पिवळा नाही, लालभडक. वाटी गोल फिरवेपर्यंत काड्या पांढऱ्या पडल्या आणि वास म्हणाल तर शून्य. श्रीखंड गुलाबीसर झालं. सासूबाईंनी एक काडी बोटांत चुरली आणि म्हणाल्या, “अगं, हे केशर नव्हं. मक्याची मिशी रंगवलीय कुणीतरी.”

इथे. इथे सगळं कळायला हवं होतं. तेव्हा फक्त ₹११,००० गेले होते, ₹२,६४,५०० बँकेत होते! पण त्या सभेतल्या माणसाने आधीच सांगून ठेवलं होतं की, “आमच्या केशरात क्रोसिन, म्हणजे रंग देणारं द्रव्य, जास्त असतं, त्यामुळे रंग लगेच उतरतो, बाजारातल्या जुन्या मालाची सवय असलेल्यांना हे पटत नाही.” बघा, शंका येण्याआधीच तिचं उत्तर हातात दिलेलं. आता कुणीही मला सांगावं, पाडव्याच्या दिवशी पाहुण्यांसमोर सासूबाईंचं ऐकायचं की ‘तज्ज्ञा’चं? घरात केशराचं शास्त्र वाचलेली मी एकटीच.

खऱ्या केशराचा रंग सावकाश उतरतो, सोनेरी पिवळा, आणि काडी लालच राहते. चव किंचित कडवट, गोड लागलं तर फेकून द्या. ही परीक्षा पैसे भरायच्या आधी करा.

उरलेले पैसे एप्रिलमध्ये आरटीजीएसने गेले. कंद जूनमध्ये येणार होते, आले ऑगस्टमध्ये. म्हणजे ज्या उन्हाळ्यात कळी धरायची तो संपलेला, आणि ते कंद तोवर कुठल्या गोदामात कसे पडले होते कुणास ठाऊक. पोती उघडली तर बरेचसे कंद ३-४ ग्रॅमचे. केशराचा कंद निदान ८ ग्रॅमचा हवा, नाहीतर नुसती पात येते. आमचे सासरे हरिपूरच्या बाजूला हळद करायचे. बेण्याला जेठे गड्डे, म्हणजे हळदीचे मूळचे मोठे कंद, निवडताना ५० ग्रॅमच्या खालचा ते बाजूला फेकत. ते असते तर पोतं तिथेच परत गेलं असतं. मी फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, “ताई, लहान कंद वाढतात, पुढच्या वर्षी दुप्पट फुलं.” करारात ‘६० किलो दर्जेदार कंद’ एवढंच लिहिलंय, एका कंदाचं वजन कुठेच नाही. करारात वजन लिहून घ्या, प्रत्येक कंदाचं किमान वजन. आणि पोतं आणणाऱ्याच्या समोर काट्यावर ठेवून व्हिडिओ काढा.

हिशोबही करा, त्यांनी दिलेला नको, आपला. एक ग्रॅम सुक्या केशराला साधारण दीडशे फुलं लागतात, एका फुलात तीनच काड्या. ६० किलोत १० ग्रॅमचे सहा हजार कंद बसतात. प्रत्येकाला दोन फुलं आली तरी ८० ग्रॅम. सभेत पडद्यावर दाखवले होते ३०० ग्रॅम, ₹५०० प्रमाणे ₹१,५०,०००! हॉलमध्ये इंजिनिअर होते, बँकेतले निवृत्त साहेब होते, एकानेही भागाकार केला नाही. मी बी.ए. आहे.

ऑक्टोबरात खोलीभर पात उगवली, दिसायला छान. बऱ्याच कंदांना बुरशी लागली. फुलं आली त्यांचं केशर एका चिमटीत मावलं. भाऊबीजेला ते बासुंदीत घातलं. कोमट दुधात अर्धा तास ठेवलं तेव्हा कुठे पिवळं झालं, आणि वास स्वयंपाकघराबाहेरपर्यंत. सासूबाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तोपर्यंत कंपनीचा फोन बंद. वकिलाच्या नोटिशीला ₹३,५०० घातले, ती ‘पत्त्यावर सापडत नाहीत’ शेरा मारून परत आली.

पोलीस ठाण्यात गेले तर म्हणाले, करार केलाय ना, मग ही दिवाणी बाब, कोर्टात जा. मी म्हटलं, डबीतलं रंगवलेलं केशर दाखवून पैसे घेतले ही फसवणूक नाही का? तर म्हणे सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही स्वतः बँकेत जाऊन पैसे भरलेत, हे आमच्यात बसत नाही. आर्थिक गुन्ह्यांवाल्यांना रक्कम लहान वाटली. लहान! कृषी कार्यालयात सांगितलं, केशर आपल्याकडचं पीक नाही, बियाणे निरीक्षकाच्या अखत्यारीत येत नाही, तरी अर्ज देऊन ठेवा. दिला. पोच मागितली तर शिक्का मारणारा माणूस रजेवर. वर तिथल्या साहेबांनी हसत विचारलं, “मॅडम, सांगलीत केशर येईल असं वाटलंच कसं?” त्या कंपनीच्या पत्रकावर सरकारी अनुदानाचं चित्र छापलं होतं तेव्हा हे साहेब कुठे होते?

वकिलांनी नंतर सांगितलं ते तुम्हाला आधीच सांगते. हद्दीचं कारण देऊन परत पाठवत असतील तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी त्याच ठाण्यात नोंदवायची तक्रार. तक्रार घेतलीच नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने लिहा. तोंडी बोलून काही होत नाही, सगळं कागदावर.

आणखी एक. जत भागातल्या आमच्या एका पाहुण्यांनी ‘अमेरिकन केशरा’चं बी घेतलं, किलोच्या भावाने नाही, ग्रॅमच्या. उगवली करडई, जी ते दर रब्बीला पेरतातच! केशराला बी धरत नाही. ते फक्त कंदापासून वाढतं. बी विकणारा दारात आला तर चहासुद्धा देऊ नका.

मी आता ग्राहक आयोगात तक्रार करतेय. कंपनीचा पत्ता कुठलाही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि ₹५ लाखांपर्यंत फी नाही. समोरचे ‘हा व्यापार होता, त्या ग्राहक नाहीत’ असं म्हणणारच. पोट भरायला स्वतः राबून करायचं काम त्यात मोडत नाही, असं वकील म्हणतात. मार्चच्या त्या सभेत जेवलेले कुणी हे वाचत असतील तर पावती, करार आणि ती डबी घेऊन या. डबी धुऊ नका, तळाशी रंग राहिलेला असतो. माझी मी घासून मसाल्याला वापरली.