चिमणी नसलेल्या घरात लाकडाचा स्टोव्ह: पाइप घरातून न्यायचा की भिंतीबाहेरून?

घराला चिमणी नाही म्हणून लाकडाच्या स्टोव्हचा विचार सोडून द्यायचं कारण नाही. मात्र धुराच्या पाइपाशिवाय चालणारा लाकडाचा स्टोव्ह नसतो. लाकूड जळलं की धूर आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होणारच, आणि ते घराबाहेर गेलंच पाहिजे. म्हणून आधी पाइपाचा मार्ग ठरवा, मग स्टोव्ह निवडा. अनेक जण याच्या उलट करतात आणि मग आवडलेल्या कोपऱ्यातल्या स्टोव्हसाठी पाइपाला वेडीवाकडी वळणं द्यावी लागतात.

विटांची नवी चिमणी बांधता येते, पण तिच्या वजनाला पाया लागतो, वेळ आणि पैसाही बराच जातो. घराचं मोठं बांधकाम निघालेलं नसेल तर मी त्या वाटेला जाणार नाही. उरतात तीन पर्याय: दुहेरी भिंतीचा पाइप घरातून सरळ छपराबाहेर काढणं, तोच पाइप भिंतीतून काढून बाहेरून वर नेणं, किंवा लाकडाऐवजी पेलेटचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्यांवर चालणारा स्टोव्ह घेणं.

या दुहेरी पाइपात आत-बाहेर स्टेनलेस स्टील आणि मध्ये उष्णतारोधक थर असतो. त्यामुळे शेजारचं लाकूडकाम तापत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याचं दुसरं काम तितकंच मोलाचं आहे: तो धूर गरम ठेवतो. गरम धूर हलका, म्हणून वर चढतो आणि मागून स्टोव्हमध्ये ताजी हवा ओढून घेतो. ही ओढ चांगली असली की लाकूड स्वच्छ जळतं. धूर वाटेतच साधारण 120 अंश सेल्सिअसच्या खाली गेला, तर त्यातली वाफ आणि डांबरी द्रव्यं पाइपाच्या आतल्या बाजूला चिकटतात. हेच क्रिओसोट. त्याचा थर पेटला तर पाइपातलं तापमान 1000 अंशांच्या वर जाऊ शकतं.

घरातून जाणारा पाइप इथेच बाजी मारतो. त्याची बहुतेक लांबी उबदार हवेत असते, त्यामुळे स्टोव्ह पेटवल्यावर ओढ लवकर धरते आणि क्रिओसोट कमी साचतं. छपराच्या माथ्याजवळून बाहेर काढला तर उघड्यावरचा भागही थोडाच राहतो. एक प्रचलित नियम असा आहे: पाइप छपरातून जिथे बाहेर पडतो तिथून किमान 0.9 मीटर वर जावा, आणि आडव्या अंतराने 3 मीटरच्या आत असलेल्या छपराच्या कोणत्याही भागापेक्षा 0.6 मीटर उंच असावा. एकूण उंचीसाठी 4.5 मीटर हा आकडा बऱ्याचदा किमान धरला जातो.

त्याची किंमतही मोजावी लागते. छत आणि छप्पर दोन्ही कापावे लागतात. वरच्या खोलीचा एक कोपरा पाइपाभोवतीच्या कप्प्यात जातो. छपरातल्या छिद्राभोवतीची पट्टी नीट बसली नाही तर पावसाळ्यात गळती होते. छतातून जाताना पाइप आणि लाकूड यांच्यात कंपनीने सांगितलेली मोकळी जागा सोडावीच लागते, आणि पाइपाचा सांधा छताच्या जाडीत येऊ द्यायचा नाही. स्टोव्हवरचा साधा एकेरी पाइप छतातून कधीच नेऊ नये. तो खोलीतच दुहेरी पाइपाला जोडतात. स्टोव्हची जागा छतापासून खाली ओळंबा सोडून ठरवा. वासा आडवा येत असेल तर स्टोव्ह थोडा सरकवा. पाइपाला दोन वळणं देण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

बाहेरचा मार्ग सोपा वाटतो, कारण वरचा मजला आणि छत शाबूत राहतात. वर दुसऱ्याचं घर असेल किंवा छप्पर कापणं शक्यच नसेल, तर चिमणीसाठी दुसरी वाट उरत नाही. पण तो स्वस्तच पडेल असं धरून चालू नका. भिंतीवरचे आधार, तळाशी काजळी काढायची झडप, जास्तीचे जोड हे सगळं वाढतं. शिवाय भिंतीलगत वर गेलेला पाइप छपराच्या खालच्या कडेशी निघतो, म्हणून माथ्याच्या हिशेबाने त्याला आणखी बराच उंच न्यावा लागतो, तोही थंड हवेत. थंडीच्या सकाळी पाइपात गार हवेचा खांब बसून राहतो आणि पेटवताना धूर खोलीत मागे येतो. हा मार्ग घ्यायचाच असेल तर भिंतीतून जाताना 90 अंशांच्या काटकोनाऐवजी 45 अंशांची वळणं घ्या आणि आडवा भाग शक्य तितका आखूड ठेवा.

पेलेट स्टोव्ह वेगळ्या तत्त्वावर चालतो. धूर बाहेर ढकलायला पंखा असतो, त्यामुळे 80 किंवा 100 मिलिमीटरचा बारीक पाइप पुरतो आणि कंपनीची व स्थानिक नियमांची मुभा असेल तर तो भिंतीतूनच बाहेर काढता येतो. धूरही स्वच्छ: युरोपीय संघाच्या 2022 पासून लागू असलेल्या निकषांत बंद दाराच्या लाकडाच्या स्टोव्हला धुराच्या दर घनमीटरमागे 40 मिलिग्रॅम कण चालतात, पेलेटला 20. पण वीज गेली की तो बंद पडतो, पंख्याचा आवाज असतो, आणि इंधन विकतच आणून कोरडं ठेवावं लागतं. वीज वारंवार जाणाऱ्या घरात ऊब मिळावी म्हणून स्टोव्ह घेत असाल, तर हा पर्याय बाद करा.

माझा कल स्पष्ट आहे: छत कापणं शक्य असेल तर त्याचा त्रास एकदाच सोसा आणि पाइप घरातून सरळ न्या. बाहेरच्या थंड पाइपाचा त्रास मात्र दर हिवाळ्यात होतो.

कोणताही मार्ग घेतलात तरी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा. या वायूला रंग नाही, वास नाही. लाकडात ओलावा 20 टक्क्यांच्या आत हवा. ओल्या लाकडापुढे उत्तम पाइपही टिकत नाही. आणि बसवणाऱ्याला हवेबद्दल जरूर विचारा. दारं-खिडक्या घट्ट बसणाऱ्या घरात स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा लावला की तो पाइपातला धूर उलटा खोलीत ओढू शकतो. स्टोव्हसाठी बाहेरून हवेची वेगळी वाट ठेवणार का, आणि पंखा जोरात चालू असताना स्टोव्ह पेटवून तपासून दाखवणार का, हे दोन प्रश्न करार करण्याआधीच विचारून घ्या.